अंगणाकडून आत

जळकोटला हायवेच्या कडेला एक ऑनलाइन सेंटर आहे. तिथं राजेश्वरी दिवसभर लोकांचे अर्ज भरत बसायची. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव, असलं काय काय. माणसं मळक्या कागदावर कुणाकडून तरी खरडून आणायची आणि तिच्यापुढं ठेवायची. ते खरडलेलं अक्षर लागायचं फक्त राजेश्वरीला. सेंटरचा मालक शिवशंकर गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "कोंबडी पाय घासून गेली तरी आमची राजेश्वरी त्याचा अर्थ लावती."

सप्टेंबरात सेंटरच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडं, एक मोठा फ्लेक्स लागला. त्यावर तिच्या चुलतबहिणीचा, करिश्माचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'रशियात उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्याखाली शुभेच्छुकांचे सतरा चेहरे. त्यातल्या निम्म्यांना रशिया कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं. राजेश्वरीनं कॉम्प्युटरवरून मान वर केली की करिश्मा हसायची. मधून ट्रक गेला की तेवढ्यापुरती झाकली जायची.

पहिल्या दिवशी तो फ्लेक्स बघून राजेश्वरी शिवशंकरला म्हणाली, "माझं टेबल भिंतीकडं फिरवू का? उजेड डोळ्यावर येतोय."

"उजेड तर मागनं येतोय," शिवशंकर म्हणाला.

टेबल तिथंच राहिलं.

दोघींची घरं एकाच अंगणात. राजेश्वरीचे वडील गुंडाप्पा थोरले, करिश्माचे वडील धुळाप्पा धाकटे. पोरींमध्ये आठ महिन्यांचं अंतर. शाळा एक, कॉलेज एक, शेवटी शेवटी तर चपलाही एकीच्या दुसरी घालायची. पण रशियनचं खूळ मात्र राजेश्वरीचं होतं, एकटीचं.

त्याचं असं झालं. ईट गावचे ज्ञानोबा सर तरुणपणी सहा वर्षं रशियात शिकायला होते. नोकरी संपल्यावर ते तुळजापुरात राहायला आले आणि शनिवार-रविवार रशियन शिकवायला लागले, फुकट. राजेश्वरीनं कुठंतरी ते ऐकलं आणि नळदुर्गला गाडी बदलून ती एकटी तिथं जाऊन बसली. घरच्यांनी अट घातली, एकटी जायचं नाही. म्हणून मग करिश्माला सोबत घेतलं. करिश्मा पहिले तीन महिने वर्गात बसून फक्त वहीवर नक्षी काढायची. राजेश्वरीनं मात्र सरांचा शब्दकोश अख्खा उतरून काढला. छापील अक्षरं झाली, मग सरांच्या मागं लागून ती हाताची गिचमीड अक्षरंही शिकली. रशियन माणूस हातानं लिहितो तेव्हा 'त'चा 'म' होतो, 'द'चा 'ग' होतो आणि काही शब्द तर नुसते नांगराच्या तासासारखे दिसतात, एकापुढं एक सारखेच. करिश्मा म्हणायची, "हे मला जमणार न्हाय बाई. छापलेलं वाचता येतं, बास झालं."

दोन वर्षांनी एका शिष्यवृत्तीची जाहिरात आली. वर्षभर तिकडच्या विद्यापीठात राहून भाषा शिकायची. दोघींचे अर्ज राजेश्वरीनंच भरले, करिश्माचाही. मुलाखत पुण्याला होती.

समोर एक रशियन बाई बसल्या होत्या. त्यांनी दोघींना एकच प्रश्न विचारला होता. तुमच्या घराच्या खिडकीतून काय दिसतं?

राजेश्वरीनं मनात वाक्य जुळवायला घेतलं. कुठल्या नामाला कुठला प्रत्यय लागेल, क्रियापद पूर्ण घ्यायचं की अपूर्ण. वाक्य अगदी देखणं होत आलं होतं. तेवढ्यात बाईंनी घड्याळाकडं पाहिलं, आणि ते वाक्य तिच्या घशात जे अडकलं ते अडकलंच. ती फक्त "रस्ता" म्हणाली.

करिश्मा आत गेली आणि बोटांवर मोजत सांगितलं तिनं, "दारोगा. माशीना, माशीना, माशीना. पापा. कझा." म्हणजे रस्ता, गाडी, गाडी, गाडी, बाबा, शेळी. रस्त्याला तिकडं दारोगा म्हणतात याचं तिला आधीपासूनच हसू यायचं, ते तिथंही आलं. बाईंनाही आलं. मग शेळी कुणाची, किती दूध देते, असं करत पाव तास गप्पा झाल्या. प्रत्यय सगळे चुकलेले. निवड तिची झाली.

कुणी लबाडी केली असती, वशिला लावला असता, तर राजेश्वरीला बरं वाटलं असतं. चारचौघांत सांगता तरी आलं असतं. इथं तसं काहीच नव्हतं. करिश्मानं तिचं काही हिसकावलं नव्हतं, आणि तरी सगळं तिच्याकडं गेलं होतं. हेच राजेश्वरीला पोळत होतं.

व्होरोनेझ नावाच्या शहरात करिश्मा उतरली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे व्हॉइस मेसेज सुरू झाले. हॉस्टेलात आणि विद्यापीठात वायफाय होतं, तेवढंच. तिकडं परदेशी माणसाची सरकारी नोंदणी झाल्याशिवाय सिम मिळणार नव्हतं, त्यामुळं बाहेर पडली की फोन मुका.

"राजी, इथं बसच्या डोक्यावर दोन शिंगं असतात आणि ती वरच्या तारेला लावून पळती. राजी, इथं रस्ता ओलांडायला नुसतं पांढऱ्या पट्ट्यावर पाय ठेव, गाड्या थांबतात. माझ्यासाठी थांबतात! मी काल उगाच चार वेळा इकडनं तिकडं गेले. राजी, कुठंही आत जायच्या आधी कोट काढून बाईकडं द्यायचा, ती बिल्ला देती. माझ्या खोलीत एक व्हिएतनामची आहे, एक घानाची. तिघींना मिळून एकच भाषा, ती पण तिघींना येत न्हाय."

राजेश्वरी हे सेंटरात बसून कानाला फोन लावून ऐकायची. समोर फ्लेक्स. मधून ट्रक. तिनं त्या शहराचा नकाशा मोबाइलवर इतक्यांदा बघितला होता की नदी कुठं वळते, विद्यापीठ कुठं, बाजार कुठं हे तिला करिश्माच्या आधी ठाऊक होतं. करिश्मा म्हणायची, "आज कुठल्यातरी मोठ्या चौकात गेलो," आणि राजेश्वरीच्या ओठावर त्या चौकाचं नाव यायचं. ती ते सांगायची नाही.

चौथ्या दिवशी फळ्याचा फोटो आला.

"राजी, मेले! आमच्या बाई, गालिना पेत्रोव्ना, फळ्यावर सगळं हातानं लिहितात. पोरं भराभरा उतरून घेतात. मला नुसती गांडुळं दिसतात. वाचून सांग की!"

राजेश्वरीनं वाचलं, छापील अक्षरांत टाइप करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. मग रोजच. दुपारी साडेबाराच्या सुमाराला करिश्मा बाकाखालून फोटो काढायची आणि इकडं राजेश्वरी समोरच्या माणसाला "मामा, दोन मिनिटं थांबा," म्हणून तिचा फळा वाचून द्यायची. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिला ते आवडलंही. वर्ग तिकडं भरत होता, पण अर्धी विद्यार्थिनी जळकोटात बसली होती.

मग एका मंगळवारी करिश्माचा मेसेज आला, आनंदानं नुसता उतू चाललेला.

"राजी, आज गालिना पेत्रोव्नांनी मला उभं केलं वर्गात! म्हणाल्या, हाताचं अक्षर इतक्या लवकर वाचणारी मुलगी मी लई वर्षांनी बघितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

राजेश्वरीनं टाइप केलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हसले नुसती."

राजेश्वरीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या आधार कार्डातली जन्मतारीख तिनं दोनदा चुकवली.

त्याच संध्याकाळी करिश्माची आई, शांतम्मा काकू, अंगणात बायकांना मोबाइल दाखवत होती. सोयाबीनच्या पोत्यांवर सगळ्या बसल्या होत्या. "मास्तरीण म्हणली म्हणं, असली हुशार पोर बघितली न्हाय," काकू सांगत होती. मग राजेश्वरीला बघून म्हणाली, "राजे, तू बी जरा तिच्यागत मन लावून केली असतीस तर..." आणि तिचं तिलाच वाईट वाटून ती थांबली. राजेश्वरीची आई सिताबाई तिथंच सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, फोटो आला तो फळ्याचा नव्हता. हॉस्टेलच्या ऑफिसातल्या बाईनं हातानं लिहून दिलेली चिठ्ठी होती.

"राजी, नोंदणीला उद्या एकटीनं जायचंय. ती बाई भरभर बोलली, मला काही कळलं न्हाय, म्हणून हे लिहून घेतलं. आज वाचून दे, उद्या सकाळी निघायचंय."

राजेश्वरीला चिठ्ठी एका नजरेत लागली. गुरुवार, साडेनऊ. रस्त्याचं नाव, घर क्रमांक चौदा. मग एका ओळीत, खाली दोनदा रेघ मारलेले, तीन शब्द, 'व्खोद सो द्वरा'. म्हणजे आत जायची वाट अंगणाकडून, इमारतीच्या मागनं. मग दुसरा मजला, पासपोर्ट, दोन फोटो. 'द्वोर' म्हणजे अंगण हा शब्द ज्ञानोबा सरांनी फार प्रेमानं शिकवला होता. आपलं दार आणि त्यांचं द्वोर एकाच घरातलं, असं ते सांगायचे.

तिनं सगळं टाइप केलं. मग बोट तसंच स्क्रीनवर ठेवून ती समोर बघत राहिली. तिनं ते तीन शब्द पुसले आणि बाकीचं पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं. एक बदाम आणि "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं!"

रात्रभर तिनं स्वतःला समजावलं. काय होणार आहे? थोडी फिरेल. कुणाला तरी विचारेल. एकदा तरी तिला कळू दे की हे आपल्याला येत नाही.

गुरुवारी दुपारी बारा वाजले. तिकडं साडेनऊ. राजेश्वरीचा हात कीबोर्डवर चालेना. बारा वाजून वीस मिनिटांनी तिनं मेसेज टाकला, "अगं, आत जायची वाट मागच्या अंगणातून आहे." एकच टिक आली. तिनं आणखी एक टाकला. एकच टिक. करिश्मा बाहेर होती आणि तिचा फोन मुका होता, हे राजेश्वरीइतकं कुणाला ठाऊक होतं?

एक वाजता शांतम्मा काकू सेंटरात आली, फडक्यात बांधलेले धपाटे घेऊन. "गरम हायत, खा. करिश्माला लई आवडतात. ती न्हाय, तर तू तरी खा." आणि तिथंच स्टुलावर टेकली. "आज सरकारी कामाला गेलीया म्हणं. तीन वाजता फोन करते म्हणली."

राजेश्वरीनं धपाटा खाल्ला. काकू समोर बसून बघत होती, न खाऊन करणार काय?

तीन वाजले, चार वाजले. काकू दोनदा येऊन गेली. पाचला धुळाप्पा काका आले. "राजेश्वरी, तिथं मुलकात काय गडबड बिडबड तर न्हाय ना? तू बघ की मोबाइलवर." त्यांचा आवाज मोठा होता, पण हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

"न्हाय काका, काही न्हाय. रांग असंल."

ती पुन्हा पुन्हा फोन उघडून ती एकटी टिक बघत होती. तिकडं त्या दिवशी चार अंश होते, हेही तिनं बघितलं होतं. करिश्माला टोपी घालायची सवय नव्हती. नकाशावरचं चौदा नंबरचं घर तिनं मोठं करून बघितलं. समोरच्या बाजूला पडद्यांचं दुकान होतं. त्यापुढं चार रस्ते फुटत होते. करिश्मा कुठल्या रस्त्याला लागली असेल? गाड्या थांबतात म्हणून भसकन रस्त्यात उतरली असेल आणि एखादी थांबलीच नसेल तर? सहा वाजता तिनं सेंटर बंद केलं आणि घरी येऊन अंगणातच बसली. घरात जायचं धाडस होईना.

साडेसातला दोन टिका उमटल्या. पाठोपाठ व्हिडिओ कॉल. काका, काकू, सिताबाई सगळे फोनभोवती जमले, आणि लेकीला बघून काकू रडायलाच लागली. करिश्माचं नाक लालभडक झालेलं आणि डोक्यावर कुणाची तरी लोकरीची जांभळी टोपी.

"अव्वा! अगं रडतीस काय? काही झालं न्हाय. ऐक तर!" ती दमच घेईना. "समोरनं गेले तर पडद्याचं दुकान. आत बाईला विचारलं, ती काहीतरी बोलली, मला वाटलं उजवीकडं. उजवीकडं गेले, गेले, गेले, तर नदीच आली! तिथं एक आजी सफरचंदं विकत बसलेली. तमारा तिचं नाव. तिला चिठ्ठी दाखवली तर ती माझ्यावरच ओरडली, टोपी कुठंय म्हणून! दुकान गुंडाळलं, मला धरून घरी नेलं, चहा पाजला, बीटाचं सूप पाजलं. तिच्या मांजराची बाळं दाखवली, नवऱ्याचे फोटो दाखवले. चार तास बोललो, चार तास! ज्ञानोबा सरांकडं दोन वर्षांत मी एवढी रशियन बोलले नव्हते. मग तीच मला घेऊन गेली, अंगणातनं आत, आणि तिथल्या साहेबाशी माझ्यासाठी भांडली. झाली नोंदणी. रविवारी जेवायला बोलावलंय!"

काकू पदरानं डोळे पुसत हसत होती. काका हसत होते. सिताबाई "बया बया" म्हणत होती.

राजेश्वरीच्या छातीवरचा धोंडा उतरला. देवाची शपथ, उतरला. आणि तो पुरता उतरायच्या आत खालून दुसरंच काहीतरी वर चढलं. नदी, सफरचंदं, चार तासांच्या गप्पा. आपण हिची वाट चुकवली, आणि हिला तिथंही माणूस भेटलं! चुकलेल्या रस्त्यावरसुद्धा हिच्यासाठी कुणीतरी सूप घेऊन बसलेलं असतं!

"राजी, तुझा मेसेज आत्ता बघितला," करिश्मा म्हणाली. "अंगणाचं उशिरा लक्षात आलं व्हय तुला?"

"हो," राजेश्वरी म्हणाली. "नजरेतून सुटलं."

त्यानंतर फळ्याचे फोटो कमी कमी होत गेले. तमारा आजी दर रविवारी करिश्माला हाताची अक्षरं गिरवायला लावत होती. नोव्हेंबरच्या मध्यावर एका रविवारी संध्याकाळी पुन्हा व्हिडिओ कॉल आला. सगळे अंगणात होते. काकूनं पाच मिनिटं बोलून फोन राजेश्वरीकडं दिला.

करिश्मा हसत नव्हती. तिनं पासपोर्टमधून तीच चिठ्ठी काढली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि रशियनमध्ये बोलायला लागली, बाकी कुणाला कळू नये म्हणून.

"आज मी ही वाचली. स्वतः. ही ओळ वेगळी आहे. तिच्याखाली दोन रेघा आहेत. ही तुझ्या नजरेतून सुटली?"

राजेश्वरी फोन घेऊन चार पावलं बाजूला सरकली.

"बोल. तू ही वाचली होतीस?"

"वाचली होती," राजेश्वरी म्हणाली, रशियनमध्येच. "लिहिलीही होती. मग पुसली."

"का?"

"मला तुझा हेवा वाटतो." हा शब्द तिनं कधीच शब्दकोशातून शोधून ठेवला होता. "रोज वाटतो. सकाळी उठल्यापासून वाटतो. फळा मी वाचायचे आणि टाळ्या तुला मिळाल्या. तू हसलीस नुसती! एकदा माझं नाव घेतलं असतंस तर काय झिजलं असतं?"

"म्हणून मला रस्त्यावर सोडलंस? चार अंशांत?"

"मी परत मेसेज केला होता!"

"कधी? मी हरवल्यावर! मी तमाराला भेटेपर्यंत दीड तास रडत फिरले. ते मी अव्वाला सांगितलं नाही. तुला सांगायला फोन उघडला होता, राजी. तुला! फोन लागला नाही."

"माझी चूक आहे. मोठी चूक आहे. पण मुलाखतीपासून तू एकदाही मला विचारलं नाहीस, तुला कसं वाटतंय. एकदाही. तू फक्त फोटो पाठवलेस."

"मी काय विचारणार होते? तुझ्या जागेवर मी आले म्हणून माफी मागू?"

दोघींचे आवाज चढत गेले. प्रत्यय कुठं गेले, क्रियापदं पूर्ण होती की अपूर्ण, राजेश्वरीला पत्ता नव्हता. शब्द नुसते येत होते, एकावर एक आदळत येत होते. पलीकडं शांतम्मा काकू जावेला कोपरानं ढोसत होती. "बघ बघ, कशा फडाफडा बोलतात दोघी! आपल्या राजीला बी येतंय की गं सगळं!" धुळाप्पा काकांनी तर मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

करिश्मानं फोन कट केला.

"काय म्हणत होती?" काकूनं विचारलं.

"थंडी लई आहे म्हणत होती," राजेश्वरी म्हणाली आणि उठून गेली.

पण ते तिच्यानं पचलं नाही. सकाळी काकू चुलीपुढं एकटी होती तेव्हा राजेश्वरी जाऊन उंबऱ्यात बसली आणि सगळं सांगून टाकलं. ते तीन पुसलेले शब्द, दीड तासाचं रडणं, सगळं. काकूच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

काकू म्हणाली, "म्या तुला धपाटे दिले त्या दिशी."

"हो."

"अन् तू खाल्लेस."

काकूनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली. पुढचे कितीतरी दिवस ती राजेश्वरीशी कामापुरतंच बोलत होती. "पाणी आलंय" किंवा "दार लाव", एवढंच.

करिश्माकडून नऊ दिवस काही आलं नाही. दहाव्या दिवशी एक फोटो आला, वहीच्या पानाचा. हातानं लिहिलेली रशियन, करिश्माचं अक्षर, वाकडंतिकडं. 'मी अजून रागावले आहे. आज वर्गात सांगितलं की फळा माझी बहीण वाचत होती. गालिना पेत्रोव्ना माझ्यावर पण रागावल्या. तमारा म्हणते तू वाईट मुलगी आहेस. मी म्हटलं, आहे, पण तितकी नाही.'

राजेश्वरीनं ते पान चारदा वाचलं. त्यात तीन चुका होत्या. न सांगता राहवेना, म्हणून तिनं तिन्ही दुरुस्त करून पाठवल्या, आणि खाली लिहिलं, 'चूक माझी आहे. माफ कर म्हणत नाही, तुला जमेल तेव्हा कर.'

उत्तर मराठीत आलं. "गप बस. मास्तरीण कुठली."

डिसेंबरात एका दुपारी व्हिडिओ आला. नदी गोठली होती आणि तिच्या मधोमध जांभळी टोपी घालून करिश्मा उभी होती, दोन्ही हात पसरून. आजूबाजूला पोरं घसरत होती, लांब पूल दिसत होता, सगळं पांढरं, आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. व्हिडिओखाली तिनं विचारलं होतं, "जळालीस का?"

राजेश्वरीनं टाइप केलं, "लई."

समोर तुरीच्या विम्याचा कागद घेऊन एक बाई कधीची उभी होती. राजेश्वरीनं फोन बाजूला सरकवला आणि म्हणाली, "बसा मावशी. गट नंबर सांगा."